पाहुण्याचा उन्हाळा

नंदुरबारात थंडी पडली की नाही, हे बाकीच्या गावाला अंगावरच्या काट्यावरून कळायचं. आमच्या गल्लीला ते जिभाऊंच्या गच्चीवरून कळायचं. देवदिवाळी उलटली की एखाद्या संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर दोन बांबूंना पांढरी चादर ताणलेली दिसायची. ती दिसली की बायका दारादारातून एकमेकींना हाका मारायच्या, "चला वं, कुत्रा सुरू व्हयनात!"

जिभाऊ म्हणजे माझे घरमालक. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. काटकुळं शरीर, कोपराला उसवलेला तपकिरी स्वेटर आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून लांब कुठंतरी बघायची सवय. मी कोरीटची. कोरीट काही लांब नाही, नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन करता आलं असतं. पण घरी माझी आणि भावजयीची सकाळी सकाळीच ठिणगी उडायची. माझाही स्वभाव काही गरीब गाईचा नाही. म्हणून मी नंदुरबारात त्यांची वरची खोली घेतली. खोली बघायला गेले तर भाडं, पाणी, लाइट, काही नाही. त्यांचा पहिला प्रश्न, "तुले थंडी सहन व्हस का?"

म्हटलं, होते की.

"मंग ठीक शे. हिवायामा गच्चीवर चटया आथरानं काम तुन्हं."

मला वाटलं म्हातारा गच्चीवर योगासनांचा वर्ग घेतो. मार्गशीर्षात कळलं, तिथं सिनेमे लागतात. आणि तेही कसले? एकाच जातीच्या कुत्र्याचे. हस्की. बर्फात गाड्या ओढणारं, लांडग्याच्या तोंडवळ्याचं, निळ्या डोळ्यांचं ते कुत्रं ज्या सिनेमात असेल तेवढेच सिनेमे जिभाऊंनी कुठून कुठून जमवले होते. हिरो कोण, गोष्ट काय, त्यांना सोयरसुतक नव्हतं. एकदा कोणीतरी हौसेनं दुसऱ्या जातीच्या, सोनेरी केसांच्या कुत्र्याचा सिनेमा आणून दिला. जिभाऊंनी थोडा बघितला, बंद केला आणि म्हणाले, "चांगला शे. पन हाऊ घरमा सोफावर बठस. याना आपला काय संबंध?"

देवदिवाळी ते होळी एवढाच त्यांचा हंगाम. होळीला गोवऱ्या पेटल्या की चादर खाली. मग कोणी हातापाया पडलं तरी नाही. मी एकदा चैत्रात म्हटलं, जिभाऊ, माझी मैत्रीण आलीय, एक सिनेमा लावा ना. तर असे बघायला लागले, जणू मी एकादशीला मटणाचा रस्सा मागितला. "घाममा बसीसन बरफ देखा तं ती फसवणूक शे पोरी. बरफनी बी अन आपली बी."

हंगामातही ऐनवेळी खेळ रद्द व्हायचा. दुपार जरा उबदार गेली की संध्याकाळी ते कठड्यावर हात ठेवून उभे राहायचे, मान हलवायचे आणि प्रोजेक्टर परत पेटीत. मी अंथरलेल्या चटया मीच गुंडाळायच्या! शिवाय गोधडी आणल्याशिवाय कोणाला बसू द्यायचे नाहीत. "गोधडी लई ये, मंग बठ." त्यांची बायको, माई, गुळाचा चहा करून द्यायची आणि जिन्यातच बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायची. सिनेमाकडे तिची पाठ असायची. "माले त्या कुत्रास्ना कटाळा उना," म्हणायची, आणि एखादं कुत्रं बर्फात अडकलं की शेंगा फोडायचा आवाज बंद पडायचा.

आणि खरी गंमत पुढंच आहे. हे सगळे सिनेमे परदेशातले. माणसं काय बोलतात ते गल्लीत कोणाच्या बापाला कळत नव्हतं, आणि जिभाऊ ते सांगायचेही नाहीत. ते फक्त कुत्र्याचं बोलणं सांगायचे. पडद्याशेजारी स्टुलावर बसून, कुत्र्याचं तोंड दिसलं की त्याच्या वतीनं बोलायचे, आणि तेही अस्सल अहिराणीत. मालक चाबूक उडवून कुत्र्याला पळवतोय, आणि कुत्रं म्हणतंय, "सक्कायधरी काही खादं नही, अन म्हनस पय!" नदी गोठलेली, मालक पलीकडून बोलावतोय, कुत्रं कान पाडून उभं, "मी येवाव नही. तठे बरफ पोकय शे. तू बी मांगे फिर." गल्लीतली म्हातारी माणसं हसून हसून खोकायची. कोणी विचारलं, की जिभाऊ, माणसं काय बोलतात तेही सांगा की, तर म्हणायचे, "मानसे काय, काहीबी बोलतस."

एवढं कुत्र्याचं वेड का, हे मी त्यांना एका पावसाळ्यात, म्हणजे ते मोकळे असताना, विचारलं होतं. ते म्हणाले, "जलमभर पोरेसले बरफ शिकाडा. सायबेरिया शिकाडा. पन मी सोता बरफ देखा तो फक्त गोळावालाना गाडीवर." एवढं सांगून उठून गेले.

पण एवढं सगळं असूनही जिभाऊ कुत्र्याला घाबरायचे. घाबरायचे म्हणजे चळाचळा कापायचे! गल्लीच्या तोंडाशी एक पिवळी कुत्री बसायची. म्हातारी, दात पडलेली, भुंकायचाही कंटाळा करणारी. तिच्या समोरून जायला नको म्हणून हा माणूस मागच्या गल्लीतून, गटारावरच्या फळीवरून दूध आणायला जायचा. माझ्याबरोबर निघाले तर मला पुढं घालायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "काय हो जिभाऊ, गच्चीवर तर कुत्र्याचं मन जाणता, अन आठे काय व्हस तुमले?"

"मन जानस म्हनीसनच भ्यास ना," ते म्हणाले आणि माझ्या मागं लपले.

असा हा माणूस, आणि त्यांच्याच दारात एक दिवस खराखुरा हस्की उतरला.

झालं असं, की जिभाऊंचा एक भाचा नवापूरला. त्याच्या कोंबड्यांच्या शेड होत्या. दरवर्षी पौषात तो बायकोपोरं घेऊन गच्चीवरचे सिनेमे बघायला यायचा आणि सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवायचा. त्या वर्षी सिनेमा बघता बघता याच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, हा सुरतेला गेला आणि हस्कीचं चांगलं वाढलेलं कुत्रं घेऊन आला. कशाला? तर कोंबड्यांच्या राखणीला! सिनेमात ते कुत्रं बर्फात माणसं शोधतं, गाडी ओढतं, मालकासाठी जीव टाकतं. मग शेड राखणं काय अवघड आहे, असा साधा हिशेब. पण सिनेमात कोंबड्या नव्हत्या. याच्याकडं शेडभर होत्या. त्या कुत्र्यानं एका दुपारी जाळी उचकटली आणि आत जाऊन जे काय केलं, ते भाचा सांगताना स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत होता.

होळी होऊन गेली होती. भाच्यानं कुत्रं टेम्पोत घातलं आणि थेट मामाचं घर गाठलं.

"मामा, तुमना नादमा मी हाऊ लई उनू," तो दारातच म्हणाला. "आते तुम्हीच दखा."

आमच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा वयानं कितीही लहान असो, त्याचा मान मोठा. त्यानं काही मागितलं तर नाही म्हणायची रीत नाही. जिभाऊ ओसरीच्या खांबाला पाठ लावून उभे होते. तोंड पांढरंफटक. तशातच त्यांनी वाकून भाच्याच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे." टेम्पो गेला. कुत्रं अंगणात उभं राहून निळ्या डोळ्यांनी सगळ्यांकडं बघत होतं.

भाच्यानं त्याचं काय नाव ठेवलं होतं ते जिभाऊंनी विचारलंच नाही. भाच्याच्या घरून आलेला, म्हणून तो पाहुणा. आणि पाहुण्याला अरेतुरे कसं करायचं? "पाहुना, जेवाले बठा." "पाहुना, जरा तिकडे सरका." हे सगळं खिडकीच्या गजाआडून हं! घरात सगळ्यांत गार खोली म्हणजे प्रोजेक्टर ठेवायची. ती त्यांनी पाहुण्याला दिली, कूलर दिला, आणि स्वतः ओसरीवर खाट टाकली. जेवणाची थाळी दार किलकिलं करून झाडूच्या दांड्यानं आत ढकलायचे. माई मात्र पहिल्या दिवसापासून खुशाल आत जाऊन केर काढायची. "कुत्रा शे तो, वाघ नही. जरासा हात तं लावा," ती म्हणायची. जिभाऊ लांबूनच हात जोडायचे.

पण चैत्र चढायला लागला तशी त्यांची भीती वेगळ्या वाटेनं निघाली. नंदुरबारचा उन्हाळा काय असतो ते इथल्याला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. सकाळी नळाचं पाणी हाताला चटका देतं. त्या कुत्र्याच्या अंगावर कापसाच्या गादीएवढे केस. जीभ आत जाईना, थाळीतलं अन्न तसंच राहायला लागलं. संध्याकाळी तोंड वर करून लांबलचक रडायचं, की गल्लीतले लोक दाराशी येऊन विचारायचे, काय झालं. जिभाऊ खिडकीशी बसून असायचे. हातातला पेपर उलटा धरलेला. मी ऑफिसातून आले की पहिलं वाक्य, "आज बी खादं नही त्यानी."

मी म्हटलं, भाच्याला परत न्यायला सांगा.

"तो कोठे लई जाई? नवापूरमा काय बरफ पडस?" आणि मग एकदम आवाज चिरकला. "मन्हामुळे उना हाऊ आठे. मी गच्चीवर बसीसन त्यानं बोलनं सांगं, लोके हसनात, टाया वाजाड्यात. अन आते तो खरंखुरं आठे मरी जाई, मन्हामुळे."

त्या माणसाच्या डोळ्यात पाणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. राग यायचा मला त्यांच्या तऱ्हांचा, पण त्या दिवशी मी हातातली पिशवी ठेवून त्यांच्याशेजारी खिडकीशी बसले.

वैशाखाच्या सुरुवातीला एका रविवारी दुपारी लाइट गेले. माई लग्नाला गेली होती. कूलर थांबला आणि थोड्या वेळानं खोलीतून धप्प असा आवाज आला. मी जिन्यावरून उतरेपर्यंत जिभाऊ खिडकीचे गज धरून उभे होते. आत पाहुणा आडवा पडलेला, पाय ताठ, तोंडातून फेस.

खरं सांगते, माझीही आत जायची हिंमत नव्हती. निळ्या डोळ्यांचं ते धूड शुद्धीवर आलं आणि चावलं तर? मी जिभाऊंकडं बघितलं. त्यांनी कडीला हात लावला, काढला, परत लावला. आणि मग दार ढकलून आत गेले, जाता जाता ओरडले, "पानी लई ये! बादली भरीसन!"

मी बादल्या आणत होते आणि ते जमिनीवर मांडी घालून, त्या कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन, पोटावर, पंजांवर, कानांवर पाणी ओतत होते. रस्त्यावरच्या गोळावाल्याकडून मी बर्फ आणला. तो त्यांनी उपरण्यात गुंडाळून त्याच्या मांड्यांत धरला. सगळा वेळ बोलत होते. दोघांचं बोलत होते. "पाहुना, उठा." आणि मग त्याच आवाजात, जसं गच्चीवर बोलायचे तसं, कुत्र्याच्या वतीनं, "उठस, उठस. जरा दम खाऊ दे." परत, "उठा ना भो!" शेवटी पाहुण्यानं एक डोळा उघडला आणि जिभाऊंचा मनगटापर्यंत हात चाटला. हात तिथंच राहिला. त्यांनी तो मागं घेतला नाही.

गुरांचे डॉक्टर आले, सलाईन लावलं आणि हात पुसत म्हणाले, "सर, आज वाचला. पण हा वैशाख इथं काढणार नाही. थंड जागी पाठवा, आणि लवकर."

थंड जागा म्हणजे कुठली? सिमला? जिभाऊ रात्रभर जागे असणार, कारण सकाळी त्यांच्याकडं उत्तर तयार होतं. नोकरीच्या सुरुवातीला ते मोलगीकडं आश्रमशाळेत होते. मोलगीच्याही वर, डोंगराच्या माथ्याला, एका पाड्यावर त्यांचा एक विद्यार्थी होता, आता चांगला कर्ता शेतकरी. त्या पाड्यावर हिवाळ्यात गवतावरचं दव गोठतं आणि भर उन्हाळ्यातही पहाटे पांघरूण लागतं. आमच्या जिल्ह्यात बर्फाच्या जवळ जाणारी जागा ती एवढीच.

भाच्यानं टेम्पो पाठवला. "सोडीसन येस," जिभाऊ माईला म्हणाले. माईनं मला सोबत धाडलं, कारण तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. मोलगीचा बाजार होता, बाजाराला आलेला विद्यार्थी तिथंच भेटला. पुढं टेम्पो चढत नाही, म्हणून जीप केली. पाहुणा जीपमध्ये चढेना. जिभाऊ आधी चढले तेव्हा मुकाट चढला आणि त्यांच्या पायांवर बसला.

माथ्यावर वारा होता. गार नव्हता म्हणा, पण अंग भाजत नव्हता. पाहुण्यानं नाक वर केलं, खोल श्वास घेतला आणि थाळीभर भाकरी-दूध एका दमात संपवलं. किती दिवसांनी! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण विद्यार्थी कुत्र्याकडं नाही, अंगणात दाणे टिपणाऱ्या आपल्या कोंबड्यांकडं बघत होता.

"सर, तुम्ही सांगितलं म्हणजे मी ठेवतो," तो म्हणाला. घरी त्याची पावरी बोली, सरांशी मात्र शाळेतलं मराठी. "पण हा माझ्या कोंबड्या खाणार."

झाडाला बांधून बघितलं. पाहुण्यानं तोंड वर करून असा गळा काढला की पाड्यावरची सगळी माणसं बाहेर आली. सोडून बघितलं, तर पहिली नजर कोंबडीवर. मग जिभाऊंनी दोर घेतला आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. पाहुणा गप्प झाला आणि त्यांच्या शेजारी लवंडला.

"तू जाय," ते मला म्हणाले. "माईले सांग, याले जरा सवय व्हई गई की येस."

माईला मी सांगितलं तेव्हा ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. आठवडा गेला. जिभाऊ आले नाहीत. फोन लागत नव्हता, तिकडं रेंज कुठली! गल्लीत कुजबुज सुरू झाली, की जिभाऊ कुत्र्यासाठी घर सोडून गेले. मग माईनं नवी साडी नेसली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चाल. धरीसन लई येऊत."

वाटभर ती काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होती. मधूनच ओठ हलायचे. जीपमधून उतरलो तर सगळा उतार पांढरा दिसत होता. आमचूर करायचे दिवस. सोललेल्या कैऱ्यांच्या चकत्या खडकाखडकावर वाळत घातलेल्या. एका मोहाच्या झाडाखाली जिभाऊ बसले होते, पुढ्यात कैऱ्यांचा ढीग आणि हातात सुरी. कमरेला दोर. दोराच्या दुसऱ्या टोकाला पाहुणा ओल्या मातीत पोट टेकून पडलेला. अंगावर तकाकी आली होती. कोंबड्या जवळूनच फिरत होत्या. त्याचे कान जरा उभे राहिले की जिभाऊ न बघताच म्हणायचे, "खाले बठा, पाहुना."

माई जवळ गेली आणि सुरूच झाली. "घर शे का नही तुमले? लोके इचारतस, त्यासले काय सांगू? कुत्राले सोडीसन येवास नही व्हत म्हनू? या वयमा लाज—"

"काल पहाटे पयना तो," जिभाऊ म्हणाले.

माई थांबली.

"पहिलांदाव पयना. असा पयना, असा पयना... माले ओढत लई गया." त्यांनी लेंगा वर केला. दोन्ही गुडघे सोलवटलेले, त्यावर हळद लावलेली. चेहऱ्यावर मात्र असा आनंद, जसा गल्लीतल्या कोणी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता. "उन्हायामा नही मरावू हाऊ आते. वाचना."

माई गुडघ्यांकडं बघत राहिली. मग कुत्र्याकडं. पाहुणा उठला, दोर ताणत आला आणि तिच्या नव्या साडीवर मातीचा पंजा ठेवला. ती त्याला ओरडली नाही. तिनं जिभाऊंच्या हातातून सुरी ओढून घेतली.

"सरका तिकडे. इतल्या जाड्या चकत्या? ह्या कव्हय वायतीन?"

आणि मांडी घालून कैऱ्या कापायला बसली. जिभाऊ सोलायला लागले. खालून जीपवाला हॉर्न वाजवायला लागला, त्याला अंधाराआधी मोलगी गाठायची होती. मी म्हटलं, "माई, जीप निघाली."

तिनं वर बघितलं नाही. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि माझ्यापुढं धरला.

"तुयसले पानी घालजो," ती म्हणाली. "अन दूधवालाले सांगी दे, मिरग लागना की आम्ही तिन्हीजन येसूत."